अलाइनमेंटचे दुखणे आणि मशीन लर्निंग : सोलापूरहून एक आढावा

गाळप हंगाम संपला की सोलापूर जिल्ह्यातल्या तीसहून अधिक साखर कारखान्यांत ऑफ सीझनची कामे सुरू होतात. पंप, पंखे, गिअरबॉक्स एकेक करून उघडले जातात. कपलिंगवरचा गार्ड काढल्यावर खाली रबराची काळी भुकटी साचलेली दिसली की फिटर एवढेच म्हणतो, ‘‘अलाइनमेंट आउट आहे.’’ निदान अचूक असते, फक्त ते हंगाम उलटून गेल्यावर झालेले असते. मधल्या चार-पाच महिन्यांत बेअरिंगांनी किती मार खाल्ला, सील वारंवार का गळत होते, मोटर जास्त करंट का घेत होती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

हेच निदान यंत्र चालू असताना, कपलिंगला हात न लावता, कंपनांच्या नोंदींवरून संगणकाला करता येईल का? गेली पंचवीस-तीस वर्षे या प्रश्नावर जगभर काम चालू आहे. शोधनिबंधांचा ढीग मोठा आहे आणि त्यात ९८-९९ टक्के अचूकतेचे दावे पावलोपावली भेटतात. तरीही कारखान्यातला माणूस आजही डायल गेजवरच भरवसा ठेवतो. माझ्या मते तो चुकत नाही. मात्र त्याच डायल गेजवर या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे अवलंबून आहे, आणि संशोधकांचे तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

आधी दुखणे समजून घेऊ. मोटर आणि पंप ही दोन स्वतंत्र यंत्रे, प्रत्येकाचा शाफ्ट आपापल्या बेअरिंगांवर टेकलेला. कपलिंगने जोडल्यावर दोन्ही शाफ्टचे अक्ष एका सरळ रेषेत यावेत ही अपेक्षा असते. अक्ष समांतर राहून बाजूला किंवा वरखाली सरकले तर ते ऑफसेट, आणि एकमेकांशी कोन करू लागले तर अँग्युलर. प्रत्यक्षात दोन्ही एकत्रच सापडतात. इथली खरी अडचण अशी की हा दोष कुठल्याच सुट्या भागात नसतो. बेअरिंगच्या रेसला पडलेला खड्डा भिंगाखाली दाखवता येतो, गिअरचा तुटलेला दात हातात धरता येतो. अलाइनमेंट बिघडलेल्या जोडीत मोटर सुटी चालवून पाहिली तर ठणठणीत, पंपही ठणठणीत. बिघाड असतो तो दोघांच्या परस्पर जागेत. ती जागा शिमच्या, म्हणजे पायाखाली घातलेल्या पातळ पत्र्यांच्या जाडीने, पायाच्या ग्राउटिंगने, पाइपलाइनच्या ओढीने आणि उष्णतेने बदलत राहते.

उष्णतेचे गणित करून बघण्यासारखे आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ४०० मिलिमीटर उंची असलेले एखादे टर्बाइन किंवा गरम पाण्याचा पंप चालू झाल्यावर ५० अंशांनी तापला, तर त्याचा शाफ्ट जवळजवळ पाव मिलिमीटर वर उचलला जातो. शेजारची मोटर तेवढी तापत नाही. दीड हजार फेऱ्यांच्या यंत्राला चांगल्या अलाइनमेंटची मुभा साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे पाव मिलिमीटर किती मोठा आहे ते कळते. म्हणून जाणता फिटर थंड यंत्राचे अलाइनमेंट मुद्दाम ‘चुकीचे’ ठेवतो, तापल्यावर ते रेषेत यावे म्हणून. सोलापुरात ही कामे एप्रिल-मेमध्ये होतात, पारा ४३-४४ अंशांवर असताना, आणि यंत्रे चालतात थंडीत. बाहेरच्या हवेचा परिणाम दोन्ही यंत्रांवर सारखाच होत असल्याने त्याचा फारसा बाऊ करायला नको. त्रास देतो तो दोन यंत्रांच्या तापमानांतला फरक.

डायल गेजचे काम जवळून पाहिले तर त्याची शिस्त लक्षात येते. मोटरच्या कपलिंगवर ब्रॅकेट बांधायचे, डायलची टोचणी पंपाच्या कपलिंगच्या कडेवर टेकवायची, घड्याळातल्या बाराच्या जागी शून्य लावायचे. मग दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवत तीन, सहा आणि नऊच्या जागी वाचन घ्यायचे. समजा एका बाजूला अधिक ०.१२ आले, दुसऱ्या बाजूला उणे ०.०४. मग खाली ०.०८ आलेच पाहिजे, कारण वर आणि खाली मिळून जी बेरीज, तीच दोन्ही बाजूंची. ती जुळत नसेल तर ब्रॅकेट हलले आहे किंवा टोचणी घसरली आहे. वाचन टाकून द्यायचे आणि पुन्हा घ्यायचे. जुळली तर उभा सरकाव ०.०४ आणि आडवा ०.०८ मिलिमीटर, कारण कडेवरचे वाचन प्रत्यक्ष सरकावाच्या दुप्पट असते. ब्रॅकेट स्वतःच्या वजनाने वाकते, तेवढा भाग आधी वजा करावा लागतो. लेझरचे उपकरण हेच काम झटपट आणि कमी मानवी चुकांनी करते. दोन्हींचा निकाल एकच : मिलिमीटरमध्ये लिहिलेला, पडताळून घेतलेला आकडा. मशीन लर्निंगच्या भाषेत याला लेबल म्हणतात, आणि असे अस्सल लेबल मिळवण्यासाठी संशोधक धडपडत असतात.

आता कंपनांकडे वळू. पाठ्यपुस्तकात नियम सोपा करून सांगितलेला असतो. शाफ्टच्या फिरण्याच्या वारंवारतेला एकपट धरले, तर तोल बिघडल्यास एकपटीचे कंपन वाढते. ऑफसेट असेल तर आडव्या-उभ्या दिशांत दुप्पट वारंवारतेचे, आणि अँग्युलर असेल तर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने एकपटीचे. कपलिंगच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बेअरिंगची लांबीच्या दिशेची हालचाल एकमेकांच्या उलट, म्हणजे १८० अंशांच्या फेज फरकाने होते. या नियमामागे सिद्धांताचे बळ आहे. शू आणि मारांगोनी यांनी १९९४ मध्ये मोटर, लवचीक कपलिंग आणि रोटर यांचे गणिती प्रारूप मांडले आणि अशा जोडीत सम पटींची कंपने उठतात हे प्रयोगानेही दाखवले. पुढच्याच वर्षी आपल्याकडच्या ए. एस. शेखर आणि बी. एस. प्रभू यांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीने दुप्पट वारंवारतेवर कपलिंगच्या बिघाडाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विषयाच्या संदर्भसूचींत तो आजही असतो.

कारखान्यात मात्र नियम इतका आज्ञाधारक राहत नाही. तीच चूक गिअर कपलिंगमध्ये एक रूप घेते, रबरी स्पायडरच्या कपलिंगमध्ये दुसरे आणि टायर कपलिंगमध्ये तिसरे. रबर बरीचशी चूक पोटात घालते. कंपने शांत दिसतात आणि रबर मात्र झिजत जाते. कधी कधी तर चुकलेल्या अलाइनमेंटमुळे शाफ्टवर एका दिशेने कायमचा दाब येतो, त्याने बेअरिंगमधला खेळ दाबला जातो आणि कंपन उलट कमी होते. मोठ्या यंत्रांच्या तेलाच्या बेअरिंगांत असे घडते तेव्हा शाफ्टच्या मध्याचा फिरण्याचा मार्ग चपटा होतो, केळ्यासारखा वाकतो, फार झाले तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. नुसत्या कंपनाच्या मापावर विसंबणाऱ्याला इथे यंत्र सुधारल्यासारखे वाटते. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश उरते. कंपन न वाढताही हा तोटा होत असतो.

विजेचा घोळ आणखी वेगळा. दोन पोलची मोटर भाराखाली २९७० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिची एकपट ४९.५ हर्ट्झ आणि दुप्पट ९९ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरच्या चुंबकीय ओढीचे कंपन १०० हर्ट्झवर. दोघांत अंतर फक्त १ हर्ट्झचे. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीतून ते वेगळे करता येत नाहीत, किमान काही सेकंदांची अखंड नोंद लागते. जुने इलेक्ट्रिशियन यावर एक साधी कसोटी वापरतात : पुरवठा तोडायचा आणि बघायचे. कंपन त्याच क्षणी गेले तर दोष विजेचा, वेग उतरेल तसे हळूहळू गेले तर यांत्रिक. एका सेकंदाचेसुद्धा नव्हेत असे बारीक तुकडे न्यूरल नेटवर्कला भरवणाऱ्या कित्येक मांडण्यांत हा फरक दिसण्याची सोयच उरत नाही.

मशीन लर्निंग या क्षेत्रात आले ते टप्प्याटप्प्याने. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी फूरिए रूपांतराची वेगवान रीत दिली आणि कंपनाचा वर्णपट काढणे पुढे यंत्रशाळेच्या आवाक्यात आले. बराच काळ तो वर्णपट माणूसच वाचत असे. नंतर त्यातून निवडक मापे काढून वर्गीकरण करणाऱ्या अल्गोरिदमला देण्याची पद्धत रुळली : एकपट, दुप्पट, तिप्पट यांची उंची, कंपनाचे सरासरी बळ, त्यातला टोकदारपणा. १९९५ चे सपोर्ट व्हेक्टर मशीन आणि २००१ चे रँडम फॉरेस्ट यांनी हे काम चांगले केले. मोजकी मापे आणि मोजक्या नोंदी असतील तर आजही ते करतात. २०१२ नंतर प्रतिमा ओळखण्यात डीप लर्निंगने मुसंडी मारली आणि कंपनांच्या नोंदींची चित्रे करून तीच न्यूरल जाळी इथे लावण्याची लाट आली. मापे माणसाने निवडायला नकोत, जाळेच ती शोधेल, हा तिचा मोठा फायदा सांगितला गेला. जाळे शोधते हे खरे. पण काय शोधते, ते तपासून पाहावे लागते.

त्यासाठी या क्षेत्रातल्या एका गाजलेल्या डेटासेटकडे जरा निरखून बघू. रिओ दि जानेरोच्या संघीय विद्यापीठाने खुला केलेला ‘माफाउल्डा’ अलाइनमेंटवरच्या अभ्यासात वारंवार वापरला जातो. प्रयोगाचे यंत्र पाव अश्वशक्तीच्या डीसी मोटरवर चालणारे, एकूण वजन २२ किलो, शाफ्टचा व्यास १६ मिलिमीटर. प्रत्येक नोंद ५ सेकंदांची, सेकंदाला ५०,००० नमुने, आठ वाहिन्यांवर. नोंदी एकूण १९५१. त्यात आडव्या दिशेने बिघडवलेल्या अलाइनमेंटच्या १९७, उभ्या दिशेच्या ३०१, बिघडलेल्या तोलाच्या ३३३, उरलेल्या बहुतेक बेअरिंगच्या दोषांच्या. निरोगी यंत्राच्या नोंदी किती? ४९.

या आकड्यांवर थांबायला हवे. काहीही न शिकलेल्या, डोळे मिटून दर वेळी ‘बिघाड आहे’ एवढेच सांगणाऱ्या अल्गोरिदमलाही इथे साडेसत्त्याण्णव टक्के गुण मिळतात. कारखान्यात परिस्थिती बरोब्बर उलटी असते. बहुतांश यंत्रे बहुतांश वेळ ठीक चालतात. शिवाय इथे आडवी चूक अर्ध्या मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत मुद्दाम केलेली आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे चांगल्या अलाइनमेंटच्या मुभेच्या पाच ते दहा पट. इतकी चूक असलेला पंप फिटरला पायाला हात लावूनही कळतो. आपल्याला हवे आहे ते ०.१ आणि ०.२ मिलिमीटरमधला फरक ओळखणारे निदान, आणि त्या मापाच्या नोंदी या संग्रहात नाहीत. डेटासेट वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. तो खुला केला हे मोठे काम झाले, आणि त्यात फिरण्याच्या वेगाची नोंदही आहे. त्याच्यावर मिळवलेला आकडा उचलून कारखान्याच्या नावाने खपवला जातो, हरकत त्याला आहे.

दुसरा दोष जास्त खोलवर गेलेला आहे. पाच सेकंदांच्या एका नोंदीत एका वाहिनीचे अडीच लाख आकडे येतात. त्यांचे १०२४-१०२४ चे तुकडे केले की २४४ नमुने तयार. मग सगळ्या नोंदींचे तुकडे एकत्र कालवून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवायचे. परिणाम असा की परीक्षेतल्या तुकड्याचा सख्खा शेजारी शिकवणीत होताच. जाळे दोषाऐवजी ती विशिष्ट नोंद ओळखायला शिकते : तो वेग, ती बोल्टची पकड, त्या दिवशीचा सेन्सर. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बेअरिंग डेटासेटवर असे घडल्याचे या क्षेत्रातल्याच संशोधकांनी दाखवून दिले आहे. परीक्षेला वेगळे बेअरिंग ठेवले की गुण घसरतात. अलाइनमेंटच्या बाबतीत परीक्षा यापेक्षाही कडक हवी. एकदा अलाइनमेंट बिघडवून घेतलेल्या सगळ्या नोंदी एका बाजूला राहिल्या पाहिजेत, आणि शक्य असेल तर यंत्रच वेगळे असले पाहिजे. निबंध वाचताना मी आता अचूकतेच्या आकड्याआधी नोंदींची वाटणी कशी केली ते शोधतो. ते स्पष्ट लिहिलेले नसेल तर पुढचे तक्ते फारसे उपयोगाचे नसतात.

सोलापूरची यंत्रे या प्रयोगशाळेतल्या मांडणीपेक्षा किती निराळी आहेत ते पाहू. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनावरून लांबच लांब लाइन शाफ्ट फिरत आणि त्यांची बेअरिंगे रेषेत ठेवणे हे रोजचे काम असे. आजच्या यंत्रमागावर हा प्रश्न पट्टा आणि पुलीच्या रूपात उरला आहे. कपलिंगची खरी गर्दी इतरत्र आहे. सुमारे १०० किलोमीटरवरच्या उजनी धरणातून शहराला पाणी येते आणि चार-पाच दिवसांआडच्या पाळीची सवय असलेल्या सोलापूरकराला एक पंप बंद पडला की पाळी किती पुढे जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाले. तसल्या टर्बाइनच्या शाफ्टची हालचाल बेअरिंगमध्ये बसवलेले प्रोब अखंड मोजत असतात, तिथे नोंदींची वाण नसते. मधला मोठा वर्ग मात्र उघडा आहे : ५० ते ५०० किलोवॉटचे पंप, बॉयलरचे पंखे, कॉम्प्रेसर. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा कुणी हातातले उपकरण घेऊन गेले तर गेले.

साखर कारखान्याची गिरण हे तर या विषयातले सगळ्यात मोठे आव्हान. तीन रोलरांच्या मिलमध्ये वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखाली तरंगता असतो. उसाचा थर जाड आला की तो उचलला जातो, पातळ झाला की खाली बसतो. म्हणजे गिअरबॉक्सच्या तुलनेत त्याचा अक्ष सतत हलतोच. ही हालचाल सामावून घ्यायला पूर्वीपासून चौकोनी कपलिंग लावलेला लांब टेल बार असतो, आणि अलीकडे त्याच्या जागी रोप कपलिंगही आले आहे. इथे अक्ष रेषेत नसणे हीच रोजची स्थिती. त्यातून रोलर मिनिटाला जेमतेम काही फेऱ्या फिरतो, त्यामुळे सेकंदाला पंचवीस-पन्नास फेऱ्यांवर शिकलेले मॉडेल तिथे ठार निरुपयोगी. या ठिकाणी कंपनांपेक्षा बेअरिंगचे तापमान, गिअरबॉक्सच्या पायाचा ताण आणि मोटरचा टॉर्क यांवर लक्ष ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

ऊस फोडणाऱ्या फायब्रायझरची गोष्ट वेगळी. त्याचे हातोडे हंगामभर झिजत जातात, तेही असमान. त्यामुळे तोल बिघडत जातो आणि एकपटीचे कंपन आठवड्यागणिक चढते. बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनच्या पात्यांना राख चिकटते किंवा घासते, तिथेही तेच. याच यंत्रांचे अलाइनमेंटही बिघडलेले असू शकते. प्रयोगशाळेतल्या मांडणीत सहसा एका वेळी एकच दोष असतो आणि मॉडेल अमुक किंवा तमुक यांतून एक निवडायला शिकते. इथे दोन दुखणी एकत्र नांदतात, सोबत ढिला पडलेला फाउंडेशन बोल्टही असतो. मॉडेलला प्रत्येक दोषाबद्दल स्वतंत्र उत्तर देता आले पाहिजे. एक धागा हाताशी आहे : तोलाच्या बिघाडाचे बल वेगाच्या वर्गाने वाढते, अलाइनमेंटचे बल वेगावर तितके अवलंबून नसते. ज्या पंख्यांना वेग बदलणारा व्हीएफडी आहे त्यांच्या वेगवेगळ्या वेगांवरच्या नोंदी जोडून पाहिल्या तर दोघांना बरेचसे वेगळे करता येते. सुरू होताना आणि थांबतानाच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या, आणि नेमक्या त्याच बहुतेक ठिकाणी साठवल्या जात नाहीत.

सेन्सरच्या बाबतीत मात्र दिवस चांगले आले आहेत. बेअरिंगचा खड्डा पकडायला हजारो हर्ट्झपर्यंत मोजणारा महागडा सेन्सर लागतो. अलाइनमेंटच्या खुणा १४८० फेऱ्यांच्या मोटरवर २५, ५०, ७५ हर्ट्झच्या आसपास सापडतात. काही शे रुपयांत मिळणारी मेम्स जातीची चिप तेवढे आरामात मोजते. अडचण निघते ती फेजची. कपलिंगच्या दोन्ही बाजूंची हालचाल एकमेकांच्या उलट आहे का, हा अलाइनमेंटचा खास पुरावा. दोन बिनतारी सेन्सर आपापल्या घड्याळाप्रमाणे मोजत असतील तर तो पुरावाच हातचा जातो. ५० हर्ट्झवर १८० अंश म्हणजे अवघा एक शतांश सेकंद. घड्याळांत तेवढी चूक झाली की सगळे उलटसुलट. म्हणून माझे मत असे की कपलिंगच्या दोन बाजूंचे दोन स्वस्त सेन्सर एकाच डब्याला वायरने जोडावेत. एका बाजूचा एक भारी बिनतारी सेन्सर त्यापेक्षा कमी कामाचा.

दुसरा मार्ग मोटरच्या करंटचा. १४८० फेऱ्यांची मोटर सेकंदाला २४.७ वेळा फिरते. अलाइनमेंट बिघडल्यावर करंटच्या वर्णपटात ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, २५.३ आणि ७४.७ जवळ, उंचवटे उठतात. पॅनेलमध्ये चिमटा लावला की काम झाले, पंपाजवळ जायलाच नको. विहिरीत किंवा खोल इनटेकमध्ये बसवलेल्या पंपांसाठी ही मोठी सोय आहे. पण तोल बिघडला किंवा भार हेलकावला तरी उंचवटे तिथेच उठतात, त्यामुळे करंटने संशय घ्यावा आणि कंपनाने खात्री करावी, अशी विभागणी बरी.

उपायांच्या बाजारात आज तीन गोष्टी मला खरोखर आशादायक वाटतात. पहिली, प्रत्येक यंत्राची स्वतःची निरोगी ओळख शिकणारी मॉडेले. त्यांना बिघाडाचे नमुने लागत नाहीत; यंत्र आपल्या नेहमीच्या चालीपासून ढळले की ती सांगतात. ढळण्याचे कारण त्यांना कळत नाही, ते पुढे माणसाने शोधायचे. दुसरी, एका यंत्रावर शिकलेले दुसऱ्यावर नेण्याच्या पद्धती. यावर खूप काम चालू आहे, पण त्यातले बरेच एकाच प्रयोगशाळेतल्या एका वेगावरून दुसऱ्या वेगावर जाण्यापुरते आहे. तिसरी, भौतिकशास्त्राची मदत : कपलिंगची ताठरता, बेअरिंगची जात, केंद्राची उंची एवढी माहिती देऊन संगणकावर बिघाडाची कंपने तयार करायची आणि प्रत्यक्ष नोंदींची उणीव त्यांनी भरून काढायची. कपलिंग बदलले की खूण बदलते, ही मघाची अडचण याच वाटेने सुटण्याची शक्यता जास्त.

तिन्हींपुढे खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न सारखाच उभा आहे. समजा एका कारखान्यात १५० जोड्या आहेत आणि प्रत्येकीची दर तासाला एक नोंद तपासली जाते. दिवसाला ३,६०० तपासण्या. निरोगी नोंदींपैकी फक्त एक टक्का चुकीने बिघाड ठरल्या तरी रोज ३६ इशारे. गाळप चालू असताना कुठलाही चीफ इंजिनिअर ३६ वेळा पंप थांबवणार नाही. दोन दिवसांत तो यंत्रणेचा आवाज बंद करील, आणि तेच योग्य ठरेल. अलाइनमेंट सहसा एका रात्रीत बिघडत नाही, त्यामुळे दर तासाचा निकाल लावायची गरजही नसते. आठवडाभराचा कल पाहून, सलग काही दिवस तीच खूण टिकली तरच बोलणारे मॉडेल कमी हुशार दिसेल, पण कारखान्यात टिकेल.

आता त्या डायल गेजकडे येतो. जिल्ह्यातल्या कारखान्यांत, पंपगृहांत, चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दर वर्षी असंख्य कपलिंगांचे अलाइनमेंट होते. दर वेळी दुरुस्तीपूर्वीचे वाचन घेतले जाते आणि दुरुस्तीनंतरचेही. म्हणजे प्रत्येक कामात बिघडलेल्या आणि नीट केलेल्या, त्याच यंत्राच्या, मिलिमीटरमध्ये मोजलेल्या दोन अवस्था हाती येतात. ब्राझीलमध्ये मुद्दाम मोटर सरकवून जे करावे लागले ते इथे रोजच्या कामात आपसूक होते, आणि तेही ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या खऱ्या पल्ल्यात. ही वाचने खडूने बेडवर किंवा सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिली जातात आणि शिम बसली की पुसली जातात. मशीन लर्निंगला हवे ते लेबल असे रोज केरात जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ते वाचवायला मोठा खर्च नाही. कपलिंग उघडण्यापूर्वी शेवटचे चालू असतानाचे कंपन, दोन्ही बाजूंचे, अर्धा मिनिट. मग डायलची चारही वाचने, बेरीज जुळवून. कपलिंगची जात आणि रबराची अवस्था, कोणत्या पायाखाली किती शिम घातली, दोन्ही बेअरिंग हाउसिंगचे तापमान. पुन्हा चालू करून यंत्र पुरते तापल्यावर तेवढेच कंपन. वाचन फिटरचे, त्यामुळे नोंदीवर नावही त्याचेच हवे आणि मोबदलाही त्यालाच. हे काम फुकटचे समजून करून घेतले तर दुसऱ्या आठवड्यात अंदाजपंचे आकडे भरले जातील.

चालू असतानाचे कंपन आणि उघडल्यावर घेतलेले थंड अवस्थेतले वाचन यांत तापण्याचा फरक राहणार, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच तापमान लिहायचे. तेवढ्यावरून चालू अवस्थेतली जागा हिशेबाने काढता येते. मोजक्या यंत्रांवर चालू अवस्थेतच लेझरने जागा मोजून तो हिशेब तपासून घेता येईल.

हे करायला माणसे आणि संस्था जवळच आहेत. सोलापुरात १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, पंढरपुरात १९९८ पासून स्वेरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दर वर्षी मुले विषय शोधत असतात आणि अनेकदा तेच परदेशी डेटासेट उतरवून त्यावर नवे जाळे चालवतात. त्याऐवजी एका हंगामात एका कारखान्यातल्या वीस जोड्यांच्या नोंदी नीट घेणे हा माझ्या दृष्टीने कितीतरी मोलाचा प्रकल्प आहे, मॉडेल अगदी साधे असले तरी. सगळ्या कारखान्यांच्या नोंदी एका जागी ठेवायला पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट योग्य ठरेल. १९७५ पासून ती याच उद्योगाची तांत्रिक संस्था आहे आणि कारखान्यांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे.

परीक्षेचा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावा : अकलूजकडच्या कारखान्यांवर शिकलेल्या मॉडेलची परीक्षा अक्कलकोटकडच्या कारखान्यात, आणि या हंगामात शिकलेल्याची पुढच्या हंगामात. प्रश्नही ‘बिघाड आहे की नाही’ असा नको, ‘उभा सरकाव किती, आडवा किती’ असा हवा, म्हणजे उत्तर मिलिमीटरमध्ये येईल आणि फिटरला त्यावरून शिम काढता येईल. ०.०५ मिलिमीटरच्या आत उत्तर येईल अशी अपेक्षा सुरुवातीला कुणी करू नये. कुठल्या पंधरा जोड्या ऑफ सीझनमध्ये आधी उघडायच्या आणि कुठल्या पन्नास यंदा तशाच ठेवल्या तरी चालतील, एवढे जरी मॉडेलने खात्रीने सांगितले, तरी कारखान्याचे कित्येक माणूस-दिवस वाचतील. त्या पंधरांपैकी किती खरोखर आउट निघाल्या, हे त्याच आठवड्यात डायल गेज सांगेल.